नमाजच्या वेळांचा तक्ता आणि आपल्या शाळेतले विज्ञान

दारव्ह्यातल्या कुठल्याही मशिदीत जा, भिंतीवर नमाजच्या वेळांचा बारमाही तक्ता टांगलेला दिसेल. फज्र, सूर्योदय, जवाल, जुहर, अस्र... रोज नजर जाते, पण आपण वाचतो ती फक्त आजची ओळ. सबंध वर्षाचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला तर त्यात एक गंमत सापडते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावरून कलण्याची वेळ बारा वाजून तीन मिनिटांच्या आसपास असते. फेब्रुवारीच्या मध्यावर हीच वेळ बारा तेहतीसपर्यंत जाते. तब्बल अर्ध्या तासाचा फरक! मग ‘सूर्य रोज बाराला डोक्यावर येतो’ असे आपण मुलांना सांगतो, त्याचे काय?

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. कोणी म्हणेल, तक्ता चुकला असेल. कोणी म्हणेल, थंडीत दिवस लहान असतो म्हणून. हे दुसरे उत्तर चूक आहे, तरी शिक्षकाने त्याला शाबासकी द्यावी, कारण ते तपासून पाहता येते. दिवस सर्वांत लहान असतो डिसेंबरात. मग सर्वांत मोठा फरक डिसेंबरात का पडत नाही? इथून मुले स्वतः विचार करू लागतात.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा की आपले घड्याळ दारव्ह्याचे नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती रेषा जाते तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून. दारव्हा ७७.८ अंशांच्या आसपास आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर सरासरी एकोणीस मिनिटे उशिरा येतो. दुसरा भाग असा की पृथ्वीची कक्षा नेमकी गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे चालतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटे मागे. बारा एकोणीसमधून सोळा वजा करा, नाहीतर त्यात चौदा मिळवा. तक्त्यातले आकडे समोर येतात. (तक्ता छापणारे खबरदारी म्हणून दोन-चार मिनिटे पुढेमागे धरतात, तेवढे सोडून द्यावे.)

हा लेख आम्ही आपल्या भागातल्या मराठी आणि उर्दू शाळांच्या विज्ञान शिक्षकांसाठी लिहितो आहोत, आणि तितकाच मुलांच्या अम्मी-अब्बूंसाठीही. विज्ञानाच्या तासाबद्दल बोलायला गेले की एकच तक्रार ऐकू येते: साहित्य नाही. जिथे साहित्य आहे तिथे ते कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि चावी कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. दहावीच्या विज्ञानात दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते वीस गुण बहुतेकांना मिळून जातात. प्रयोगवहीही सुबक भरलेली असते, पण कित्येक मुलांनी ती फळ्यावरून उतरवलेली असते. त्याचा फटका बसतो अकरावीत. ज्याने कधी काही मोजलेच नाही त्याला भौतिकशास्त्र म्हणजे परक्या मुलुखातली भाषा वाटते. मुलगी असेल तर घरातूनच निकाल लागतो: ‘लॅबमुळे यायला उशीर होतो, आर्ट्‌सला टाका.’ कितीतरी हुशार मुली आम्ही अशा रीतीने विज्ञानातून बाहेर पडताना पाहिल्या आहेत.

प्रयोगशाळा हवीच. ती मागत राहावे, अर्ज करावेत, शाळा समितीच्या बैठकीत विषय काढावा. पण ती येईपर्यंत मुलांची वर्षे थांबत नाहीत.

एक मीटरची काठी

सुरुवात एका काठीपासून करता येते. सरळ पऱ्हाटी मिळाली तर तीही चालेल, फक्त जमिनीच्या वर नेमकी एक मीटर राहील अशी बेताने रोवावी. काठी उभी आहे की कललेली, ते गवंड्याच्या ओळंब्याने पाहावे. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला की झाले. जागा सपाट हवी. पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि सावली मोजावी. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते तो दारव्ह्याचा खरा मध्यान्ह, आणि त्या वेळच्या सावलीची रेघ म्हणजे नेमकी उत्तर-दक्षिण. होकायंत्राचीही गरज नाही. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना मात्र दर वेळी द्यावी. आपले काम सावलीशी आहे.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला हे मोजमाप केले तर वर्षाअखेरीस वर्गाच्या हाती स्वतःचे आकडे असतात. काय दिसेल ते आधी सांगतो, पण मुलांना सांगू नये. २२ डिसेंबरला एक मीटर काठीची दुपारची सावली जवळजवळ काठीएवढीच, सुमारे ९६ सेंटीमीटर भरते. २१ मार्चला ती ३७ सेंटीमीटर असते. २१-२२ मेच्या सुमारास सव्वाबाराला सावली पार नाहीशी होते. तो आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर काही आठवडे दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, २१ जूनला पाचेक सेंटीमीटर. आपल्या गावात सूर्य कधीतरी उत्तरेकडे असतो हे मोठ्या माणसांनाही सांगून खरे वाटत नाही, काठी पाहिल्यावर वाटते. जुलैच्या २१-२२ तारखेला सावली पुन्हा नाहीशी होते, पण तेव्हा ढग असतात. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ, ही अडचण आहेच. म्हणून मे महिन्याचे काम घरी द्यावे. गच्चीवर उभी ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा पुरते.

अस्रची वेळ तर उघडउघड सावलीवरच ठरलेली आहे. दुपारची मूळ सावली बाजूला ठेवून वस्तूची सावली वस्तूएवढी वाढली की शाफई पद्धतीने अस्र सुरू होते, दुप्पट वाढली की हनफी पद्धतीने. कोकणातले आपले शाफई भाऊबंद आणि विदर्भातले आपण यांच्या वेळांत फरक पडतो तो इथे. २१ मार्चला मूळ सावली ३७ सेंटीमीटर. म्हणजे एक मीटर काठीची सावली १ मीटर ३७ झाली की पहिली वेळ, २ मीटर ३७ झाली की दुसरी. दारव्ह्यात हे अनुक्रमे चारच्या दहा मिनिटे आधी आणि पाचच्या दहा-बारा मिनिटे आधी घडते. मुलांनी मोजून पाहावे आणि तक्त्याशी ताडावे. हे काम एके काळी मोठ्या मानाचे होते. मोठ्या मशिदींत वेळ काढणारा ‘मुवक्कित’ नेमलेला असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत या पदावर इब्न अल-शातिर होते. तिथल्या मिनारासाठी त्यांनी छायायंत्र बनवले आणि ग्रहांच्या गतीवर ग्रंथही लिहिला. हे आमच्या मते सातवीच्या मुलालाही सांगण्यासारखे आहे, मात्र काठी रोवून झाल्यावर. आधी थोरवी सांगून मग प्रयोग विसरणे ही आपली जुनी खोड आहे.

काठीवरून किब्ल्याकडेही जाता येते, आणि इथे भूगोलाच्या शिक्षकालाही बोलवावे. मक्का साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, दारव्हा २०.३ वर. सपाट नकाशावर पाहिले तर मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला दिसते. पण आपला किब्ला पश्चिमेपासून सुमारे नऊ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. का? पृथ्वीगोल घ्यावा, दारव्ह्यावर आणि मक्केवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणावा. दोरा वर उत्तरेला चढून मग खाली उतरतो. गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकडा दिसतो. विमानेही याच कारणाने नकाशावर वळणे घेताना दिसतात.

याचा पडताळा आकाशच देते. दर वर्षी २८ मेच्या सुमारास सूर्य नेमका काबाच्या माथ्यावर येतो. भारतात तेव्हा दुपारचे दोन वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. जुलैच्या १५-१६ तारखेला पुन्हा तसेच होते, दोन सत्तावन्नला. त्या क्षणी आपल्या अंगणातल्या उभ्या काठीची सावली किब्ल्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. मेमधला दिवस आपल्याकडे कडक उन्हाचा, म्हणून प्रयोग हमखास साधतो. मुलांनी काढलेली रेघ आणि त्यांनीच आखलेली उत्तर-दक्षिण रेघ यांतला कोन कोनमापकाने मोजावा. एक्क्याऐंशी अंशांच्या जवळपास आला तर मुलांचा हात चांगला बसला म्हणायचा.

आणखी एक काम या काठीचे आहे. दारव्हा आणि बंगळुरू जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. २२ डिसेंबरला दोन्हीकडे एक मीटर काठी लावून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी आणि फोनवर कळवावी. इथे ९६ सेंटीमीटर आली तर तिथे ७४ च्या आसपास येते. सावलीवरून सूर्याचा माथ्यापासूनचा कोन काढायला नववीच्या मुलाला कागदावर मापाने त्रिकोण काढणे पुरे. इथे सुमारे पावणेचव्वेचाळीस अंश, तिथे साडेछत्तीस. फरक सव्वासात अंशांचा. नकाशावर मोजपट्टी धरून दोन गावांतले सरळ अंतर काढले तर ते सव्वाआठशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरते. रस्त्याचे अंतर घ्यायचे नाही, ते फसवते. सव्वासात अंशांना एवढे, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येते आणि तोच पृथ्वीचा घेर आहे. अलेक्झांड्रियात एराटोस्थेनिसने हेच केले होते. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या सांगण्यावरून विद्वानांनी सिंजारच्या मैदानात चालत जाऊन एका अंशाची लांबी मोजली होती. आपल्या मुलांकडे मोबाइल आहे, एवढाच काय तो जास्तीचा सोपेपणा.

तीन दिवे आणि एक भोक

लोडशेडिंगच्या रात्रीचा उपयोग कसा करावा? हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात एक प्रयोग सांगितला आहे. एका छिद्रासमोर अनेक दिवे ठेवायचे आणि छिद्राच्या पलीकडे अंधारात पडदा धरायचा. जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके पडद्यावर दिसतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागेवर राहतात. म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश एकमेकांत मिसळत नाही, सरळ रेषेत जातो.

घरी तीन मेणबत्त्या, पुठ्ठ्याला सुईने पाडलेले भोक आणि पांढरी भिंत एवढे पुरते. डावीकडची मेणबत्ती झाकली की उजवीकडचा ठिपका जातो, ते मुलांना फार आवडते. ते पाहून झाले की चहाच्या रिकाम्या डब्याच्या तळाला भोक पाडून तोंडाला बटरपेपर लावावा. अंधाऱ्या खोलीतून डब्याचे भोक उन्हातल्या रस्त्याकडे धरले की कागदावर उलटा रस्ता, उलटी सायकल, उलटा शेजारी दिसतो. डोळ्याच्या धड्यातली उलटी प्रतिमा पाठ करावी लागत नाही.

आपल्या मातीतले प्रयोग

वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि घरांच्या भिंतींना तडे जातात. हा आपल्या प्रत्येकाच्या घरचा प्रश्न आहे. बांधकामाआधी इंजिनिअर मातीचे फुगणे मोजतात ती चाचणी शाळेत सहज होते. माती वाळवून कुटून बारीक चाळणीने गाळावी. सारख्या मापाची दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालावी. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल शिक्षकानेच हाताळावे. चोवीस तासांनी पाहावे: रॉकेलमधली माती होती तेवढीच, पाण्यातली चांगली वर आलेली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते. मुरमावर हाच प्रयोग करून पाहिला की घराचा पाया मुरमात का भरतात ते अब्बूंनी न सांगताच कळते.

कापसाचे तर विचारूच नका. बोंडातून काढलेला कापूस पाण्यावर टाकला की तरंगतो, औषधाच्या दुकानातला कापूस टाकला की बघता बघता भिजून बुडतो. दोन्ही कापूसच, मग असे का? कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तो कापूस अर्धा-पाऊण तास उकळून, दोन-तीनदा स्वच्छ धुऊन, वाळवून पुन्हा पाण्यावर टाकावा. मेण गेले की कापूस पाणी धरू लागतो. उकळण्याचे काम मोठ्यांनी करावे. कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना हा प्रयोग पुस्तकात न सापडता वर्गात करायला मिळावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

विदर्भाच्या घरातले दुसरे यंत्र म्हणजे कूलर. तो मे महिन्यात हुडहुडी भरवतो आणि जुलैत नुसता दमटपणा देतो. दोन सारखे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्यावर ओले सुती कापड गुंडाळावे आणि पंख्यासमोर धरावे. ओल्याचा पारा खाली जातो. मेमध्ये दोघांतला फरक मोठा असतो, पाऊस लागला की तो थोडक्यावर येतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर पाण्याची वाफ होणार कशी, आणि वाफ होणार नाही तर गारवा येणार कुठून? माठ, सुरई, घाम, ओला रुमाल, सगळे एकाच तत्त्वाचे. वर्गात दोन तापमापकांचा वर्षभराचा आलेख भिंतीवर असावा.

हळदीने माखलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा, हे आपल्या अम्मींना लग्नघरातल्या डागांवरून केव्हाचे ठाऊक आहे. पानाचा चुना रात्रभर पाण्यात ठेवून वरचे निवळ पाणी काढून घेतले की चुन्याची निवळी तयार. स्ट्रॉने हळूच फुंकले की ती दुधाळ होते. फुंकायचे, ओढायचे नाही, आणि डोळ्यांना जपायचे.

आपल्या गावाने शकुंतला रेल्वेही पाहिली आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले. रूळ जिथे शाबूत आहेत तिथे दोन रुळांमधले अंतर मोजले तर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट भरते. मोठ्या लाइनीचे १६७६. रुळांच्या सांध्यातली फट का असते याचे गणितही करता येते. पोलादाची दहा मीटर लांबी तीस अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. मात्र गाड्या धावतात अशा कुठल्याही मार्गावर मुलांना नेऊ नये.

चंद्राची वही

एकोणतीसच्या चांदला सगळा मोहल्ला गच्चीवर असतो. तीच सवय महिनाभर ठेवली तर? रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागेवरून चंद्र कुठे आहे, किती मोठा आहे, उजळ बाजू कुठल्या दिशेला आहे, ते वहीत काढावे. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. त्या मापाने चंद्र क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते लिहावे. रोज तो सरासरी पन्नास मिनिटे उशिरा मावळतो हे मुलांच्याच नोंदींतून निघेल. उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते हेही. हे समजल्यावर ईदच्या शुभेच्छापत्रांवरच्या कित्येक चंद्रकोरी चुकीच्या काढलेल्या सापडतील, आणि मुले त्या हौसेने शोधतील.

एका चांदपासून दुसऱ्या चांदपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, बारा महिन्यांचे ३५४. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दादीजानला विचारावे, तुम्ही पहिला रोजा ठेवला तेव्हा पाऊस होता की थंडी? त्यावरून साल काढता येते का पाहावे. २००० साली एकाच इंग्रजी वर्षात दोन ईद-उल-फित्र आल्या होत्या, जानेवारीत आणि डिसेंबरात. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे. शेजारच्या घरी तेच अकरा दिवस साठवून दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना धरतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. चंद्र एकच, हिशेब ठेवण्याच्या रीती दोन. दोन्ही घरांतल्या मुलांनी एकत्र बसून हे गणित केले तर उत्तम.

शब्दांची अडचण

हा मुद्दा आपल्याच मुलांचा म्हणून थोडा सविस्तर. उर्दू माध्यमात मूल ‘ज़ियाई तालीफ़’ शिकते, मराठी शाळेतले ‘प्रकाशसंश्लेषण’, आणि अकरावीत दोघांसमोर ‘फोटोसिंथेसिस’ येऊन उभे राहते. एकाचा तुर्शा, दुसऱ्याचे आम्ल, पुढे अ‍ॅसिड. वस्तू ओळखीची असते, नाव ऐकून मूल गांगरते आणि आपल्याला विज्ञान येत नाही अशी समजूत करून घेते. नववीपासूनच वर्गात तीन रकान्यांची शब्दवही ठेवावी. प्रत्येक धड्याचे दहा-बारा शब्द, उर्दू, मराठी आणि इंग्रजी उच्चारासह. बालभारतीची पाठ्यपुस्तके सगळ्या माध्यमांत इंटरनेटवर मोफत मिळतात. एकाच इयत्तेचे मराठी आणि उर्दू पुस्तक शेजारी उघडले की ही वही आपोआप तयार होते. उर्दू शाळेच्या बाजी आणि मराठी शाळेच्या मॅडम यांनी मिळून एक वही केली तर गावातल्या सगळ्याच मुलांना ती वापरता येईल.

कोणाकडून घ्यावे

स्वस्तातल्या साहित्यातून विज्ञान शिकवणे ही काही आमची कल्पना नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून असा कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षे चालला. मुले टोळ्या करून प्रयोग करत, निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवत. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. त्याच होशंगाबादेत १९७८ साली गेलेले इंजिनिअर अरविंद गुप्ता सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करू लागले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी बनवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती खेळणी, चित्रफिती आणि पुस्तके मोफत आहेत, मराठीतही. शिक्षकाने एकच जागा पाहायची ठरवली तर आम्ही ही सांगू.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळा सुटलेली मुले हाताने काम करत विज्ञान शिकतात. ज्यांची मुले गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात बसतात त्या घरांनी याची माहिती जरूर घ्यावी. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि मराठी विज्ञान परिषद यांचे साहित्यही शिक्षकांच्या उपयोगाचे आहे. मोबाइल किंवा संगणक असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ नावाचे आभासी प्रयोग मराठीत चालतात. विजेच्या परिपथासाठी ते उत्तम आहेत. पण पडद्यावर बल्ब पेटवण्याआधी एकदा खरा सेल आणि खरी तार मुलाच्या हातात द्यावी.

कल्पना पुढे नेणाऱ्या मुलांसाठी सरकारची ‘इन्स्पायर-मानक’ योजना आहे. सहावी ते बारावीच्या मुलांच्या निवडलेल्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात. नाव शाळेनेच नोंदवावे लागते, म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही. बाजारातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणून प्रदर्शनात ठेवण्याला मात्र आमचा सक्त विरोध आहे. त्यात शिकतो तो फक्त दुकानदार.

होशंगाबादच्या मुलांना सवालीराम नावाचा एक मित्र होता. मुले त्याला पत्र लिहून काहीही विचारत आणि कार्यकर्ते त्याच्या नावाने उत्तर देत. तशी एक पेटी प्रत्येक शाळेत ठेवता येईल. नाव लिहायची सक्ती नको, भाषेची तर अजिबात नको. बुजऱ्या मुली आधी चिठ्ठीतूनच बोलतात. उत्तर लगेच देण्याचीही घाई नको. आठवड्यातून एक चिठ्ठी काढावी आणि ‘हे तपासायचे कसे?’ एवढेच वर्गाला विचारावे. पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटते? बिर्याणीला दम देताना झाकणाच्या कडेला कणीक का लावतात? चालताना चंद्र मागे मागे का येतो? बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम कुठून येतो? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्वयंपाकघरात एका दुपारीत तपासून होतील. चंद्राच्या प्रश्नाला शाळेसमोरच्या रस्त्यावर एक जवळचे झाड आणि एक दूरची टाकी पाहत पन्नास पावले चालावे लागेल.